मध्ययुगीन युरोपातली बागेची गाणी : वसंत शब्दांत आहे, पण सुरांत आहे का?

सोनचाफा

मागे इथेच कोणीतरी विचारलं होतं की युरोपातलं जुनं संगीत म्हणजे सगळं चर्चमधलंच का, तर नाही, आणि त्यावरूनच हा धागा काढतेय. बाराव्या ते चौदाव्या शतकातली प्रेमगाणी बघायला घेतली की जो तो बागेत जाऊन बसलेला दिसतो. मे महिना लागलाय, पालवी फुटलीय, नाइटिंगेल रात्रभर गातोय, सगळं जग खुशीत आणि मी तेवढा झुरतोय. दक्षिण फ्रान्समधल्या त्रुबादूर म्हणजे कवी-गायक मंडळींनी हे सुरू केलं (माहितीतला पहिला त्रुबादूर म्हणजे अक्विटेनचा ड्यूक नववा विल्यम, जन्म १०७१, म्हणजे चांगला राजेरजवाडा गडी), मग उत्तर फ्रान्स, जर्मनी, इटली सगळीकडे ही साथ पसरली. पुढे तर हे इतकं ठरून गेलं की वसंत नको असेल तर कवीला तसं मुद्दाम सांगायला लागायचं. तेराव्या शतकात नवारचा राजा थिबो, हाही गाणी रचायचा, त्याने एक गाणं सुरूच असं केलंय की पानाफुलांना गाण्यात काडीची किंमत नाही, ज्यांना दुसरं काही सुचत नाही त्यांनी करावं ते.

तर माझं म्हणणं असं की ही सगळी बाग शब्दांत आहे, चालीत नाही. शब्द काढून नुसती चाल गुणगुणली तर वसंत की शिशिर काही कळायचं नाही.

उदाहरण देते. बर्नार्त द व्हेन्तादोर्न हा बाराव्या शतकातला, त्याचं चंडोलाचं गाणं या सगळ्या प्रकारातलं सगळ्यात नावाजलेलं. उन्हाच्या तिरिपेकडे पंख फडफडवत चंडोल वर जातो आणि गोडव्याने भान हरपून खाली कोसळतो, ते बघून कवीला त्याचा हेवा वाटतो. पहिलं कडवं अप्रतिम आहे. पण पुढच्या कडव्यांत हा माणूस समस्त बायकांवर चिडलाय, यापुढे कोणावर विश्वास ठेवणार नाही म्हणतोय, आणि चाल तीच! चंडोलाला जी चाल तीच रागाला, तीच शेवटच्या निरोपाला. मग त्या चालीत चंडोल आहे असं कसं म्हणायचं?

दुसरं, स्पेनमधला राजा दहावा आल्फोन्सो (१२२१–१२८४), याच्या दरबारात मेरीवरची चारशेच्या वर गाणी गोळा झाली, भाषा गॅलिशियन-पोर्तुगीज. त्यातलं १०३ नंबरचं गाणं माझं फार आवडतं. एक साधू रोज मेरीला विनवतो की मेल्यावर स्वर्गात काय सुख असतं ते जिवंतपणी जरा दाखव. एक दिवस तो बागेत जातो, तिथे नितळ झरा असतो, हात धुतो, आणि झाडीत एक पक्षी गायला लागतो. हा ऐकत बसतो. जेवणाची वेळ झाली असेल म्हणून उठून मठात जातो तर दरवाजाच वेगळा, आत कोणी ओळखीचं नाही, ३०० वर्षं उलटलेली. आता सांगा, ३०० वर्षं माणसाला बसवून ठेवणारा पक्षी, त्याच्यासाठी रचनाकाराने चालीत काहीतरी करायला नको? काही नाही! धृपद, कडवं, धृपद, कडवं, मजेत गोष्ट सांगत जाणारी चाल. पक्षी काय गायला ते ज्याचं त्याने समजून घ्यायचं.

तिसरा माशो, गियोम द माशो (साधारण १३००–१३७७), फ्रान्समधल्या रैंसचा कवी आणि रचनाकार. त्याचं एक चार आवाजांचं रोंदो (धृपद फिरून फिरून येणारा गाण्याचा प्रकार) आहे, त्यात गुलाब, लिली, वसंत, हिरवाई, फूल, सुगंध अशी नुसती यादी आणि मग, बाई गं तू या सगळ्याहून गोड. रचना इतकी गुंतागुंतीची आणि देखणी की ऐकत राहावं, पण ते देखणेपण आवाजांच्या विणीचं आहे. त्याच विणीत त्याने मरणाची गाणीही बसवलीत.

पटतंय का? जाणकारांनी लिहा. अपवाद मला माहीत आहेत, पण आधी तुम्ही बोला.

खडीसाखर

पहिला नंबर माझा. मस्त धागा, वाचनखूण साठवलीय. ते ३०० वर्षांचं गाणं आत्ताच यूट्यूबवर शोधून ऐकलं, पण त्यात डफ, बासरी, सारंगीसारखं काहीतरी आणि सुरुवातीला खरोखरच्या पक्ष्यांचा आवाज टाकलाय, मग चालीत वसंत नाही असं कसं?

पेटीमास्तर

खडीसाखर, तो पक्षी स्टुडिओतला हो. आणि डफही बहुतेक वेळा स्टुडिओतलाच.

मूळ हस्तलिखितात काय असतं ते आधी बघायला हवं. त्रुबादूरांच्या सुमारे अडीच हजार रचना शिल्लक आहेत, त्यातल्या जेमतेम दहाव्या हिश्श्याला चाल लिहिलेली सापडते. आणि ती चाल म्हणजे काय, तर सूर कुठला ते लिहिलंय, सूर किती लांब धरायचा ते लिहिलेलं नाही. म्हणजे लय नाही, ठेका नाही, साथीला काय होतं ते नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर सरगम दिलीय पण मात्रा दिल्या नाहीत. शिवाय बहुतेक वह्या गाणी रचल्यावर शंभरेक वर्षांनी उतरवलेल्या. मग आजचे गायक कोणी ते संथ म्हणतात, कोणी नाचाच्या ठेक्यात, कोणी मोरोक्कोतले वादक बोलावून त्यांच्या ढंगाने.

तेव्हा सोनचाफाताई, माझा आक्षेप उलट बाजूने आहे. लयच माहीत नसेल तर चालीत चंडोल नाही हे तुम्ही तरी छातीठोकपणे कसं सांगणार? गाणारा पहिल्या कडव्यात एखादी फिरत घेऊन वर जात असेल आणि रागाच्या कडव्यात तीच ओळ आपटून म्हणत असेल. आपल्याकडे एकच बंदिश दहा जण दहा तऱ्हेने मांडतात ना. कागदावर नाही म्हणजे गळ्यात नव्हतं असं नाही.

सोनचाफा

मास्तर, गळ्यात असेल हो, पण ते गाणाऱ्याचं झालं, रचनाकाराने काय केलं हा माझा प्रश्न. आणि एक आहे, आपल्याकडे वसंत ऋतूचं गाणं म्हटलं की वसंत, बहार, हिंडोल असे राग हाताशी आहेत, पाऊस म्हटला की मल्हार आहे. शब्द न कळणारा माणूसही सुरावटीवरून ओळखतो, निदान सवयीने तरी. युरोपात त्या काळी आठ मोड, म्हणजे चालीच्या ठरलेल्या स्वरचौकटी, होते, त्यांना स्वभाव चिकटवलेले सापडतात, हा गंभीर, तो खेळकर वगैरे, पण हा मोड चैत्राचा आणि तो आषाढाचा असं काही नव्हतं. म्हणून मी म्हणते की त्यांच्या रचनाकाराकडे ऋतू दाखवायचं साधनच सुरात नव्हतं, सगळा भार शब्दांवर.

मुपो_बॉन

जरा थांबा. हिल्डेगार्डला विसरून चालणार नाही!

बिंगेनची हिल्डेगार्ड (१०९८–११७९), मठाची प्रमुख, झाडपाल्याच्या औषधांवर ग्रंथ लिहिणारी, आणि सत्तरच्या वर गाणी तिच्या नावावर आहेत. बिंगेन इथून, म्हणजे बॉनहून, ऱ्हाईनच्या काठाकाठाने वर गेलं की लागतं, जिथे नाहे नदी येऊन मिळते तिथे तिचा रुपर्ट्सबेर्गचा मठ होता. १६३२ मध्ये तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश सैन्याने तो उद्ध्वस्त केला, आता एका इमारतीच्या पोटात काही कमानी तेवढ्या राहिल्यात. नदीपलीकडे आयबिंगेनला तिच्या परंपरेतला मठ आहे.

तिच्या लेखनात हिरवेपणा ही जवळजवळ शक्ती आहे, देवापासून झाडात, झाडातून माणसात वाहणारी. मेरी म्हणजे तिच्याकडे फांदी, कोंब, डहाळी. आणि चाली बघा ना! त्या काळच्या चर्चच्या गाण्याचा आवाका बेताचा असायचा, ही बाई दीड-दोन सप्तकं फिरते. सुरुवातीलाच पंचमाची उडी, लगेच वरच्या षड्जापर्यंत, एकेका अक्षरावर सुरांची लांबच लांब वेल. हे वाढणं चालीतच आहे, शब्दांत नाही. तेव्हा धाग्याच्या शीर्षकाला माझा सपशेल विरोध.

अवांतर : शेवटच्या काळात माइन्ट्सच्या वरिष्ठांनी तिच्या मठावर गाण्याची बंदी घातली होती, कारण बहिष्कृत ठरलेल्या एकाला तिने मठाच्या जागेत पुरू दिलं आणि प्रेत उकरून काढायला नकार दिला. तिने त्यांना जे खरमरीत पत्र लिहिलं त्यात गाणं म्हणजे काय यावर तिचं सगळं म्हणणं आलंय. आठ दशकं ओलांडलेली बाई, तरी माघार नाही. बंदी ११७९ मध्ये उठली आणि त्याच वर्षी ती गेली.

सोनचाफा

मुपो, हिल्डेगार्ड येणार हे माहीतच होतं :) पण तुम्हीच बघा, तिचं सगळ्यात हिरवं गाणं, ज्यात मेरीला अतिशय हिरवी डहाळी म्हटलंय, सुकलेल्या मसाल्यांना तिचा वास लागतो, गवतावर दव पडतं, पाखरं तिच्यात घरटी करतात, ते गाणं तिच्याच बाकीच्या रचनांच्या मानाने साधं आहे, बऱ्याच ठिकाणी एका अक्षराला एक-दोन सूर. आणि लांबलचक वेली कुठे आहेत, तर संतांवरच्या, हुतात्म्यांवरच्या गाण्यांतही आहेत. वेल तिच्या गळ्याची सवय आहे, विषयाची नाही.

मुपो_बॉन

नाही पटलं. सगळं जगच तिला हिरवं दिसत असेल तर संतांवरच्या गाण्यातही वेल येणारच की. तुम्ही गुलाबाला वेगळा सूर आणि संताला वेगळा असं मागताय, ते फार नंतरचं डोकं झालं.

उगाच_काहीतरी

दोन ताया भांडतायत, आम्ही पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (हलके घ्या.)

रानवाट

मला संगीतातलं शून्य कळतं पण चंडोलावर बोलल्याशिवाय राहवत नाही. तो कवी बघून लिहितोय हं, ऐकीव नाही. युरोपातला चंडोल गात गातच सरळ वर चढतो, पन्नास-शंभर मीटरवर एका जागी पंख फडफडवत मिनिटंच्या मिनिटं गातो, नुसता ठिपका दिसतो, आणि उतरताना शेवटच्या टप्प्यात गाणं थांबवून पंख मिटून दगडासारखा खाली येतो. भान हरपून कोसळतो म्हणतात ते हेच. आपल्याकडेही माळरानावर सासवड, सोलापूरच्या बाजूला चंडोल असेच वर जाऊन गाताना दिसतात, फक्त माळरानं राहिलीत कुठे.

आणि कुक्कू आला का तुमच्या धाग्यात? इंग्लंडमधलं ते जुनं कुक्कूचं गाणं?

सोनचाफा

रानवाट, तुम्ही अचूक ठिकाणी बोट ठेवलंत. तोच माझा पहिला अपवाद.

तेराव्या शतकाचा मध्य, रेडिंगच्या मठाशी जोडलेली एक वही, आता ब्रिटिश लायब्ररीत आहे, हार्ली ९७८. त्यात मध्ययुगीन इंग्रजीत एक गाणं : उन्हाळा आला, कुक्कू जोरात गा, बी रुजतंय, कुरण फुललंय, रानाला नवी पालवी, मेंढी कोकरामागे ओरडते, गाय वासरासाठी हंबरते, गोऱ्हा उड्या मारतो आणि बोकड… (पुढचं खाली). चौघांनी पाठोपाठ एकच चाल म्हणायची, एकाने सुरू करायची, तो ठरावीक खुणेपाशी आला की दुसऱ्याने, मग तिसऱ्याने, आणि खाली दोघांनी सतत कुक्कू गा, कुक्कू गा असा पाया धरून ठेवायचा. एकूण सहा आवाज, आणि इतक्या जुन्या काळातली सहा आवाजांची दुसरी रचना माहीत नाही. इथे चारी बाजूंनी कुक्कू कुक्कू ऐकू यायला लागतं, कोणी आधी कोणी नंतर, जसं रानात होतं तसंच. म्हणजे रचनेच्या घडणीतच रान आलं. गंमत म्हणजे त्याच सुरांखाली लाल शाईत लॅटिन धार्मिक शब्दही लिहिलेत, ख्रिस्ताच्या बलिदानावरचे. ते म्हटलं की कुक्कू गायब! म्हणजे इथेही माझा मुद्दा अर्धा शाबूतच.

खडीसाखर

बोकड काय करतो?

सोनचाफा

पादतो. निदान बहुतेक अभ्यासकांचं मत तसं आहे, काही सभ्य मंडळी म्हणतात की तो नुसता गिरकी घेतो. क्रियापदावर भरपूर शाई सांडलीय.

उगाच_काहीतरी

एवढ्यासाठी का होईना पण धागा सार्थकी लागला.

तिरकीट

तेरावं शतक म्हटलंत म्हणून लिहितो. रेडिंगच्या मठात ते कुक्कूचं गाणं वहीत उतरलं त्याच शतकात आपल्या देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या पदरी शारंगदेव संगीतरत्नाकर लिहीत होता. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले, आणि हा स्वतः दरबारात हिशेबाच्या खात्याचा अधिकारी, वैद्यकही जाणणारा. त्याने सात स्वर कोणाचे ते सांगून टाकलंय :

मयूरचातकच्छागक्रौञ्चकोकिलदर्दुराः ।
गजश्च सप्त षड्जादीन् क्रमादुच्चारयन्त्यमी ॥

मोर षड्ज, चातक ऋषभ, बोकड गंधार, क्रौंच मध्यम, कोकीळ पंचम, बेडूक धैवत, हत्ती निषाद. (बोकड इकडेही आहे आणि जरा बऱ्या कामाला आहे.)

म्हणजे सोनचाफाताईंच्या प्रश्नाला आपल्या बाजूचं उत्तर असं की निसर्ग शब्दांच्याही आधी, सुरातच बसवलेला. बंदिशीत झाड नसलं तरी चालतं, सा लावला की मोर आलाच. त्यातच भर म्हणून शारंगदेव ग्रामरागांना, म्हणजे जुन्या रागांना, ऋतू आणि प्रहरही वाटून देतो. आणि नारदीय शिक्षा या जुन्या ग्रंथात हीच यादी थोडी वेगळी आहे, तिथे ऋषभ गायबैलांचा आणि धैवत घोड्याचा. रत्नाकरात बैल-घोड्यांच्या जागी चातक आणि बेडूक, दोन्ही पावसाची वाट बघणारे. मराठवाड्यात बसून लिहिलेल्या ग्रंथात हे वाचताना मला उगाच हसू येतं, अर्थात चातकाची जोडी त्याच्या आधीही सापडते, तेव्हा शास्त्र म्हणून घेऊ नका.

पेटीमास्तर

तिरकीट, श्लोक सुंदर, पाठ आहे. पण मोराचा सा काळी एकचा की पांढरी चारचा? आपला षड्ज हलता आहे, गायकागणिक बदलतो. मोर काही तानपुरा लावून ओरडत नाही. मोर एकटा ओरडला तर तो सा, आणि बेडकानंतर ओरडला तर मग कोण? हे स्वरांचं वर्णन नाही, ही पुढच्या पिढीला क्रम लक्षात ठेवायला दिलेली माळ आहे, फार तर सृष्टीशी जोडलेलं नातं आहे. कानाने ऐकून लिहिलेलं तिथेही कमीच. तेव्हा मोराने आपण जिंकलो असं नको व्हायला.

त्यांच्याकडे तर पंडितांनी उलट केलंय. संत ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती पंडिताने संगीतावर लिहिताना नाइटिंगेलचंच उदाहरण घेतलंय, तो गोड गातो पण संगीत जाणत नाही, कारण संगीत हे शास्त्र आहे, मोजमाप कळलं पाहिजे. नुसतं गोड वाजणं पुरेसं नाही. हे मत पुढे हजारेक वर्षं घोटलं गेलं. आता ज्या मठात हे शिकवलं जातं तिथला रचनाकार पक्ष्याचा आवाज कागदावर कशाला उतरवेल? त्याच्या लेखी तो आवाज म्हणजे संगीतच नाही. मला वाटतं सोनचाफाताईंच्या 'सुरात का नाही' याचं एक उत्तर इथे आहे.

तिरकीट

माळ म्हणा हवं तर, पण माळेत मणी म्हणून प्राणीच का घेतले? ऋषी, नद्या, ग्रह, काहीही घेता आलं असतं (आणि तेही पुढे घेतलेत!). एक शास्त्रकार पक्ष्याला गुरू म्हणतो आणि एक म्हणतो त्याला अक्कल नाही. हा फरक बारीक नाही.

रानवाट

कोकीळ पंचम यावर मात्र माझा आक्षेप. कोकिळेचा, म्हणजे नराचा, आवाज एका जागी थांबतच नाही, दरवेळी कुऊ थोडं थोडं चढवत नेतो आणि मग एकदम बंद. नेमका कुठला धरायचा? युरोपातला कुक्कू वेगळा पक्षी, त्याचे सरळ दोन सूर, वरून खाली, म्हणून तो माणसाला नक्कल करायला सोपा. कोकीळ लिहून दाखवा कोणीतरी कागदावर. पावशाचंही तेच, सुरू होतो पेरते व्हा आणि चढत चढत किंचाळायला लागतो. बाय द वे, ही सगळी एकाच कुळातली, चातकसुद्धा, आणि कोकीळ, पावशा, चातक, कुक्कू सगळे दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणारे. संगीतात शिरण्यासाठी चांगली युक्ती दिसतेय.

वाफा

बागेच्या बाजूने लिहितो, कारण माझा धंदा तो आहे.

तुम्ही सगळे पक्ष्यांमागे लागलात पण बाग म्हणजे काय होती ते बघा. अल्बर्टस मॅग्नस या जर्मन पंडिताने १२६० च्या सुमारास वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, त्यात नुसत्या आनंदासाठी बाग कशी करायची ते दिलंय : मधे बारीक गवताची हिरवळ, कडेने वासाच्या वनस्पती, फुलं, हिरवळीची उंच केलेली बैठक, उन्हाच्या बाजूला थोडी झाडं, फार दाट नकोत, आणि जमलं तर मधोमध झरा. आल्फोन्सोच्या साधूची बाग यात जवळपास आलीच की! म्हणजे गाण्यातली बाग रानावनातली नाही, भिंतीच्या आतली, नेमून आखलेली आहे.

माशोचंही घ्या. त्याचं एक लांब काव्य आहे, मधे मधे गाणी, चालींसकट, त्यातला प्रियकर लाजून पळतो तो एदँच्या बागेत जाऊन बसतो. ही बाग खरी होती, उत्तर फ्रान्समध्ये आर्त्वाच्या सरदारांनी तेराव्या शतकाच्या अखेरीपासून वाढवलेली, प्रचंड मोठी, आणि तिच्यात यांत्रिक माकडं होती! कातडं पांघरलेली, हलणारी, आणि पाहुण्यांच्या अंगावर पाणी उडवणाऱ्या करामतीसुद्धा. १५५३ मध्ये पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने एदँ पार उद्ध्वस्त केलं. तर अशा बागेत बसणारा रचनाकार चिमणीची नक्कल कशाला करेल? त्याला कारागिरीचं कौतुक. चार आवाजांची घट्ट वीण हीच त्याची बाग. सोनचाफाताई, तुम्ही मूळ लेखात वीण म्हणून जी बाजूला ठेवलीत तीच मला बाग वाटते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. त्या काळी वाद्यांचे दोन वर्ग होते, मोठ्या आवाजाची आणि हळू आवाजाची. सनईच्या जातीची शॉम, कर्णे ही मोठी, उघड्यावरच्या नाचाला, मिरवणुकीला. वीणेसारखी हार्प, ल्यूट, गजाने वाजवायची व्हिएल ही हळू. चित्रांमध्ये भिंतीआडच्या बागेत बहुतेक हळू वाद्यंच दिसतात. वारा असला तर ल्यूट चार हातांवर ऐकू येत नाही हे ज्याने बागेत कार्यक्रम ठेवलाय त्याला विचारा, आमच्याकडे एका लग्नात सतारवाल्याने शेवटी वैतागून गवसणी चढवली होती.

सोनचाफा

वाफा, हे जबरदस्त आहे. वीण हीच बाग, यावर विचार करते, लगेच मान डोलवत नाही.

बरं, आता उरलेले अपवाद. चौदाव्या शतकात अचानक पक्षी सुरात घुसतात. फ्रान्समध्ये झाँ वायाँ म्हणून एक होता, त्याचं तीन आवाजांचं व्हिर्ले (हाही धृपदाच्या गाण्याचा प्रकार) शांतियी इथल्या जुन्या हस्तलिखितात आहे. त्यात नाइटिंगेल बाकीच्या पक्ष्यांना गोळा करतो आणि कुक्कूला मारा मारा म्हणून ओरडायला लावतो. चिव चिव, ओसी ओसी, लिरे लिरे, भराभर तुटक सूर, एकाच सुरावर टकटक, आवाज एकमेकांच्या अंगावर. अर्थ न कळता ऐकलं तरी पक्ष्यांची मारामारी चाललीय हे दहा सेकंदांत कळतं. गाणं इतकं चाललं की पुढे टिरोलच्या ओस्वाल्ड फॉन वोल्केनस्टाइनने त्यालाच जर्मन शब्द लावले. इटलीत त्याच सुमाराला काच्चा नावाचा प्रकार, दोन आवाज एकाच चालीत एकामागून एक धावतात, विषय बहुतेक शिकारीचा, मधेच कुत्र्यांना हाका, शिंगाचा आवाज. इथे एकदम साधन मिळालं, कारण तोपर्यंत लय नेमकी लिहायची सोय झाली होती! मास्तर म्हणाले तसं त्रुबादूरांच्या वहीत मात्रा नव्हत्या. मात्राच लिहिता येत नसतील तर चिवचिव कशी लिहिणार? म्हणजे पक्षी बाहेर राहिले ते पंडितांमुळे थोडे आणि लिपीमुळे जास्त, असं आता माझं मत बनतंय.

पेटीमास्तर

हे मला पटतं. आणि आपल्याकडे लिपीचा तो हट्टच नव्हता म्हणून आपलं तेव्हाचं गळ्यातलं गेलं. जयदेवाच्या गीतगोविंदातल्या अष्टपद्यांवर राग-ताल लिहिलेत, वसंतवर्णनावर चक्क वसंत राग लिहिलाय, आणि तो बर्नार्तच्याच शतकातला. पण तो वसंत आजचा नव्हे आणि चाल कुठेच नाही. ज्ञानदेवांची घनु वाजे घुणघुणा सगळ्यांच्या कानात आहे, तो वारा, तो चंद्र, सगळं सुरात ऐकू येतं, पण ती चाल हृदयनाथांची, विसाव्या शतकातली. बाराव्या शतकातला चालुक्य राजा सोमेश्वर मानसोल्लासात सांगतो की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी म्हणतात. कोणत्या चालीत, ते कोण सांगणार.

मुपो_बॉन

इथे जर्मनीत वाल्टर फॉन डेर फोगेलवाइडं या कवी-गायकाची तीच गत आहे. साधारण ११७० ते १२३०. लिंडेनच्या झाडाखाली मोडलेली फुलं आणि गवत सांगतात आम्ही कुठे निजलो होतो, आणि बघायला एकटं पाखरू, ते काही सांगणार नाही, असं त्या मुलीचं गाणं. पाखराची तान शब्दात आहे, तांदारादाय! पण त्या गाण्याची चालच त्याच्या नावाने लिहिलेली उरली नाही, आज गातात ती एका फ्रेंच गाण्यावरून अंदाजाने लावलेली. व्ह्युर्त्सबुर्गला चर्चच्या मागे छोटी बाग आहे तिथे त्याचं स्मारक आहे. दंतकथा अशी की त्याने मृत्युपत्रात लिहिलं, माझ्या थडग्यावर रोज पाखरांना दाणापाणी ठेवा. स्मारकाच्या दगडात त्यासाठी खळगे केलेत. लोक फुलं ठेवून जातात, चिमण्या मात्र शेजारच्या कॅफेच्या टेबलांवर.

वाफा

आणि फ्रांचेस्को लांदिनी राहिलाच. फ्लोरेन्सचा रचनाकार, लहानपणी देवी येऊन दृष्टी गेलेला, छोटा ऑर्गन मांडीवर घेऊन वाजवायचा. पुढे पंधराव्या शतकात लिहिलेल्या एका पुस्तकात १३८९ सालची गोष्ट आहे, आल्बेर्ती घराण्याच्या बागेत मंडळी जमलीत, पाखरांचा कलकलाट चाललाय, कोणीतरी म्हणतं फ्रांचेस्कोला वाजवू द्या, बघू पाखरं वाढतात की थांबतात. तो वाजवायला लागला तशी पाखरं गप्प झाली, मग दुप्पट जोरात गायला लागली, आणि एक नाइटिंगेल त्याच्या डोक्यावरच्या फांदीवर येऊन बसला.

रानवाट

शक्य आहे. मिक्सर लावला की आमच्या खिडकीतला दयाळ चेकाळतो. गोंगाट वाढला की पक्षी आवाज चढवतात यावर भरपूर अभ्यास झालाय. फांदीवर येऊन बसणं जरा जास्त वाटतं, नाइटिंगेल झुडपात लपणारा आहे.

खडीसाखर

मास्तर, ते कुक्कूचं गाणं आपल्याला म्हणता येईल का हो? आमचा भिशीचा ग्रुप आहे, सहा जणी सहज जमतील, गळे बरे आहेत.

पेटीमास्तर

जमेल की. वहीतच लॅटिनमध्ये सूचना दिलीय : चौघांनी म्हणावं, तिघांपेक्षा कमी नकोत, अगदीच नाही तर दोघे, आणि खालचा पाया धरणारे वेगळे. आधी पायावाल्या दोघींना पक्कं करा, त्या डळमळल्या की सगळं पडतं. त्या दोघीही आपापसात ओळी अदलाबदल करत म्हणतात, एकीची ओळ संपली की दुसरीची घ्यायची. क्लासमध्ये मी मुलांकडून करून घेतलंय, आपल्या मुलांची सवय अशी की शेजारचा वेगळं म्हणायला लागला की ती नकळत त्याच्यात जाऊन मिळतात, म्हणून सुरुवातीला दोन आवाजच ठेवा आणि एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहा. पट्टी पांढरी चार ठेवून बघा, पोचत नसेल तर खाली या. तबला नको, टाळीवर चालेल.

खडीसाखर

बोकडाची ओळ मी घेणार, आत्ताच सांगून ठेवते.